पन्नासच्या आधीचा कागद

मामांच्या नातीची व्हॅलिडिटी अडकली आहे. आयुर्वेदाच्या कॉलेजात अनुसूचित जमातीच्या जागेवर तिचा नंबर लागला, कॉलेजने मुदत घालून दिली, आणि पडताळणीला गेलेली फाइल दक्षता पथकाचा शेरा घेऊन परत आली. शेरा दोन कागदांवर आहे. पहिला मामांच्या वडिलांचा, १९३६ सालचा, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. नाव, बापाचं नाव, गाव, आणि जातीच्या रकान्यात बोरूच्या वळणदार अक्षरात 'हिंदू कोळी'. दुसरा मामांच्या चुलत्यांचा, पुढच्या काही वर्षांतला. त्यात 'कोळी'च्या अलीकडे 'महादेव' आहे, पण त्या शब्दाची शाई बाकीच्या ओळीपेक्षा गडद दिसते आणि अक्षरं दाटीने बसवलेली वाटतात. त्या गडद शाईभोवती कुणीतरी लाल पेनने गोल केला आहे.

मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. त्यांचं गाव आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या फुगवट्याला लागून. मी पुण्यात इतिहास शिकवते, मध्यंतरी अभ्यासासाठी मॉरिशसला होते. आमचा वाद जुना आहे. माणसाला वंश-जमातीच्या रकान्यात बसवण्याची रीत इंग्रजांची, ती आपण जितकी जपू तितके त्यांच्या हातात राहू, असं माझं म्हणणं. रकाना गेला तर आपण गेलो, हे मामांचं. या दोन कागदांनी तो वाद पुन्हा उकरून काढला.

मी : मामा, त्या साली या गावात 'कोळी' म्हटलं की पुरत होतं. इथे दुसरा कोळी होताच कोण? मास्तरांना 'महादेव' लिहायचं सुचलंही नसेल. आज तो न लिहिलेला शब्द पोरीच्या आड येतो. कोणत्या कोळ्याला काय म्हणायचं, हे कागदावर पहिल्यांदा आणलं कॅप्टन मॅकिन्टॉशने. १८३० च्या आसपास तो या डोंगरांत बंडवाल्या कोळ्यांच्या मागावर होता आणि मग त्यांच्यावरच त्याने सविस्तर लिहिलं. कुळं किती, देव कोणते, लग्न कसं लागतं, मयताचं काय करतात. ज्यांना काबूत ठेवायचं त्यांची ही माहिती. पुढे ती गॅझेटियरमध्ये गेली, एन्थोवेनच्या जाती-जमातींच्या ग्रंथांत गेली. आज पथक गृहचौकशीला येतं आणि विचारतं काय? कुळ, देव, लग्न, मयत.

मामा : मॅकिन्टॉशने लिहिली म्हणून चोवीस कुळं त्याची झाली नाहीत. ती त्याला आपल्याच म्हाताऱ्यांनी सांगितली असणार. साहेब यायच्या कितीतरी आधी मोगलांनी आपली माणसं शिवनेरीवर कापली असं सांगतात, त्यांचा काळा चौथरा आजही गडावर आहे. राघोजी भांगरे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. आपल्या जांभोरीचे होनाजी केंगले सावकारांवर उठले आणि १८७६ ला पकडले गेले. यांना आपण कोण हे इंग्रजाने सांगायची गरज होती का? तू म्हणतेस तसं धरलं तर आपली सुरुवातच साहेबाच्या डायरीतून होते. ते मला मान्य नाही.

मी : माणसं आधीपासून होती, त्यांचा अभिमानही होता. पण हद्दी इतक्या घट्ट नव्हत्या. जव्हारच्या गादीवरचा कोळी, किल्ल्याच्या मेटावरचा नाईक आणि खाचरात भात लावणारा गडी यांना एका यादीत, एका नावाखाली, कायमचं बांधलं नव्हतं. ते जनगणनेने केलं. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त रिस्ले नाकाची लांबी-रुंदी मोजून वंश ठरवू पाहत होता. १९३१ ला हटनने 'आदिम जमाती' मोजल्या. तोच धागा अनुसूचित जमातींच्या १९५० च्या यादीपर्यंत आला.

मामा : मधली एक पायरी गाळलीस. १९२८ ला मुंबई सरकारने स्टार्ट कमिटी नेमली, तिच्यात डॉ. आंबेडकर होते. अस्पृश्य वर्ग, आदिवासी आणि डोंगरी जमाती, इतर मागास, असे गट तिने पाडले. १९३० ला अहवाल आला. रकान्यातला धोका बाबासाहेबांना कळत नव्हता असं म्हणायचंय तुला? ज्याची मोजदाद नाही त्याला वाटा नाही, हे त्यांना तुझ्यामाझ्याहून जास्त कळत होतं. पाटी साहेबाची होती, तिच्यावर हिशेब आपल्या माणसांनी मांडला. तुमचे समाजशास्त्रज्ञ घुर्ये १९४३ ला म्हणाले, हे आदिवासी वगैरे कोणी नाहीत, मागासलेले हिंदू आहेत. १९५७ ला त्यांनी महादेव कोळ्यांवर पुस्तकही काढलं. विद्वान माणूस, मी नावं ठेवत नाही. पण त्यांचं ऐकून यादी गुंडाळली असती तर निमगिरीचे गोविंद गारे शिकून मोठे अधिकारी झाले असते का? आपल्या लोकांवर आपल्यातल्या कुणी पुस्तक लिहिलं असतं का?

गाऱ्यांचं नाव निघालं की मामांचा आवाज चढतो. जुन्नर तालुक्यातल्या निमगिरीसारख्या डोंगरातल्या गावातून आलेला मुलगा पुण्याच्या आदिवासी संशोधन संस्थेचा संचालक होतो, आणि ज्यांच्याबद्दल शंभर वर्षं दुसऱ्यांनी लिहिलं त्यांच्याबद्दल स्वतः लिहितो, याचं मोल मी कमी लेखत नाही. आमच्या घरात पुस्तकांचं कपाट आलं ते त्या पिढीमुळे. तरीही माझा आक्षेप राहतो, आणि तो मॉरिशसमध्ये जास्त धारदार झाला.

तिथे मोका गावी महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांची रजिस्टरं जपून ठेवली आहेत. क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, मूळ जिल्हा. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं हिंदुस्थानातून तिथे उसाच्या मळ्यांवर गेली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली मराठी माणसं बरीच. त्यांची आजची पिढी घरात क्रिओल बोलते, शाळेत मराठी शिकते, आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. मराठी माणसाचा ऊर भरून यावा असं हे चित्र आहे, आणि माझाही आला. रकान्यांचा हिशेब त्यानंतर कळला.

मी : १९६८ ला मॉरिशस स्वतंत्र झाला तेव्हा राज्यघटनेतच माणसांचे चार गट लिहिले : हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे, आणि उरलेले सगळे 'सर्वसाधारण लोकसंख्या'. निवडणुकीला उभं राहायचं तर अर्जावर आपला गट लिहायचा. निवडून आलेल्या बासष्टांखेरीज आठ जागा हरलेल्या उमेदवारांतून गटांचा तोल बघून भरतात. हा तोल कोणत्या आकड्यांवर? १९७२ च्या जनगणनेवर. त्यानंतर गटाचा प्रश्न जनगणनेत विचारलाच नाही. आपला १९५० च्या आधीचा कागद, त्यांचं १९७२ चं साल. माणसं जन्मतात, मरतात, लग्नं करतात, भाषा बदलतात, आणि त्यांची ओळख एका तारखेला गोठवून ठेवलेली.

मामा : मग त्या आठ जागांमुळे लहान गटांना सभागृहात बसता आलं की नाही?

मी : आलं. पण चौथा गट बघा. मळ्यांचे मालक असलेले फ्रेंच गोरे आणि त्याच मळ्यांवर गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांचे वंशज, दोघे एकाच रकान्यात. गुलामी १८३५ ला उठली. सव्वाशे-दीडशे वर्षांनी कागदावर मालक आणि गुलाम एक झाले. मग क्रिओल माणसाचं दारिद्र्य कोणत्या आकड्यात शोधायचं? १९९९ च्या फेब्रुवारीत काया नावाचा क्रिओल गायक पोलीस कोठडीत मेला आणि बेट पेटलं, तेव्हा जगाला कळलं की तिथे असे कुणी लोक आहेत. आणि चौथ्या गटाची व्याख्या काय, सांगू? राहणीवरून जो पहिल्या तिघांतला दिसत नाही, तो चौथा. राहणीवरून, मामा! आपल्या पडताळणीतल्या आप्तभाव चाचणीचीच बहीण.

इथे मामा हसले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांनी चाचणीचा अनुभव सांगितला. त्यांच्या मुलाच्या वेळी आलेल्या माणसाने विचारलं होतं, वाघबारस कशी करता, वरसूबाईला काय नेता, हळदीला कोण बसतं. मुलगा चिंचवडला वाढलेला, कंपनीत कामाला. त्याला निम्मं आलं नाही. मामींनी आतून उत्तरं सांगितली तर साहेब म्हणाले, तुम्ही बोलू नका.

मी : म्हणजे डोंगर सोडून शिकायला गेलेल्या पोराला विचारायचं, तू अजून डोंगरातल्यासारखा आहेस का. असला तर आदिवासी, नसला तर खोटा. शिका म्हणून जागा द्यायची आणि शिकल्याचा पुरावा त्याच्याविरुद्ध वापरायचा. सर्वोच्च न्यायालयानेच २४ मार्च २०२३ ला महाराष्ट्रातल्या ठाकर जमातीच्या प्रकरणात सांगितलं की ही चाचणी म्हणजे अखेरची कसोटी नव्हे.

मामा : ती चाचणी मलाही नको आहे. पण ती आली का, हे तू सांगत नाहीस. १९७६ ला कायदा बदलला, जमातींच्या यादीतली प्रादेशिक बंधनं उठली. लोकांची खरी अडचण दूर झाली हे चांगलं. पण त्याच वाटेने ज्यांनी कधी डोंगर बघितला नाही असेही कोळी महादेव झाले. खोट्या दाखल्यावर नोकऱ्या लागल्या, माणसं साहेब होऊन निवृत्त झाली. २०१७ ला न्यायालय म्हणालं, दाखला खोटा तर नोकरीही गेली. सरकारने २०१९ च्या डिसेंबरात त्यांच्यासाठी अधिसंख्य पदं काढली. आपल्या पोरांच्या हक्काच्या जागा वर्षानुवर्षं दुसऱ्याकडे होत्या, त्याचं काय? तुझ्यासारखी शिकलेली माणसं म्हणतात, ओळख प्रवाही असते. प्रवाही म्हटलं की आधी कुणाचं भांडं भरतं, हे मी शाळेत बसून बघितलंय.

मी : माझ्या म्हणण्याचा असा वापर होतो, हे खरं आहे.

मामा : आणि जमीन? महसूल कायद्यातलं ३६-अ कलम नसतं तर भीमाशंकरच्या रस्त्याला आपल्या नावावर एक गुंठा राहिला असता का? दर शनिवारी पुण्यामुंबईच्या गाड्या येतात, बंगल्याला जागा विचारतात. आदिवासीची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला जात नाही, म्हणून माघारी जातात. जंगल इंग्रजाने १८७८ च्या कायद्याने नेलं, १९८५ ला उरलेल्यात अभयारण्य झालं, खाचरं धरणात गेली. आंबेगाव नावाचा तालुका आहे आणि जुनं आंबेगाव पाण्याखाली आहे. हिरड्याची चार झाडं आणि हा दाखला, एवढंच हातात उरलंय.

या मुद्द्यावर माझ्याकडे सरळ उत्तर नव्हतं, म्हणून मी फिजीचा विषय काढला. आर्थर गॉर्डन हा गव्हर्नर आधी त्रिनिदाद, मग मॉरिशस, मग १८७५ पासून फिजी, असा एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जात राहिला. फिजीत त्याने ठरवलं की मूळ रहिवाशांची जमीन विकली जाणार नाही, आणि उसाला मजूर हवेत म्हणून हिंदुस्थानातून गिरमिटिये आणायला सुरुवात केली. पहिलं जहाज १८७९ ला लागलं.

मामा : मग? जमीन राहिली की नाही त्यांची?

मी : राहिली. आजही फिजीची ऐंशी टक्क्यांहून जास्त जमीन मूळ फिजियनांची आहे. तुमच्या ३६-अ चं ते थोरलं भावंड. पण गॉर्डनने एकाला जमिनीचा रकाना दिला आणि दुसऱ्याला मजुरीचा. शंभर वर्षं भारतीय माणूस खंडाच्या जमिनीवर ऊस करत राहिला. १९८७ ला भारतीयांच्या पाठिंब्याचं सरकार आलं, तर लष्कराने ते महिनाभरात उलथलं. हजारो भारतीय देश सोडून गेले. ज्या रकान्याने एकाची जमीन वाचवली, त्यानेच शेजाऱ्याला कायमचा परका केला.

मामा : त्यात दोष जमीन राखण्याचा नाही. मजुराला हक्क न देण्याचा आहे.

हे मामांचं उत्तर मला पटलं, आणि अजूनही पटतं. जमिनीचं संरक्षण आणि माणसाचं वर्गीकरण ही दोन कामं इंग्रजांनी एकत्र बांधली. ती सोडवायला गेलं की दोन्ही सुटतील, ही मामांची भीती पोकळ नाही. पण दोन्हींचा मालक वेगळा असू शकतो, असं मला वाटतं. जमीन राखायला कायदा लागतो. मी कोण हे सांगायला दुसऱ्याचं लाल पेन का लागावं?

मामांचा तालुका आंबेगाव, पण त्यांची नोकरी बरीचशी जुन्नरला झाली, आणि जुन्नर या बाबतीत विचार करायला लावणारं गाव आहे. तिथल्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखांत यवन दाते आहेत : इरिल, चिट, चंद. कुणी पाण्याची टाकी खोदून दिली, कुणी भोजनमंडप. नावापुढे यवन, आणि पुढे दान. त्यांचे वंशज कुठे गेले? इथेच कुणाकुणात मिसळले असणार. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर याच जुन्नरात निजामशाहीचा कारभार हाकत होता. आज आफ्रिकी वंशाचा सिद्दी कर्नाटकात उत्तर कन्नडला अनुसूचित जमातीत आहे, गुजरातेत काही जिल्ह्यांत आहे, आणि जंजिरा ज्या महाराष्ट्रात आहे तिथे यादीत नाही. मूळ एक, आणि राज्याची हद्द ओलांडली की ओळख वेगळी. मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, मग सिद्द्यांनाही घ्या यादीत, आमचं कुठे ना आहे.

मी : वनहक्क कायद्याचे २००८ चे नियम तुम्हीच मला वाचायला दिले होते. जंगलातल्या कसवणुकीचा दावा करताना गावातल्या वडीलधाऱ्या माणसांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो. हे खाचर याचंच, याचा बाप इथे कसत होता, असं म्हातारीने सांगितलं तर सरकार ऐकतं. मग हा पोरगा आमच्यातला, हे त्याच म्हातारीने सांगितलं तर का ऐकू नये? पेसा कायद्याखालच्या गावात ग्रामसभेला एवढे अधिकार दिले, मग कोण आपला हे सांगायचा का नाही?

मामा : कारण ग्रामसभाही माणसांचीच असते. सरपंचाला पैसे चारून ठराव झालेले मी बघितलेत. पन्नासच्या आधीचा कागद निदान कुणाला नव्याने लिहिता येत नाही.

मी : लिहिता येत नाही म्हणूनच तर शाईचा रंग बघत बसलोय आपण. आणि हा कागद आहे तरी कुणाकडे? तुमच्या वडिलांना १९३६ ला शाळेत घातलं, म्हणून 'हिंदू कोळी' एवढं तरी लिहिलेलं आहे. गावाबाहेरच्या कातकरी वस्तीतल्या एकाचं तरी नाव त्या रजिस्टरात आहे का?

मामा : नाही.

मी : कातकरी आपल्याच यादीत आहेत. महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक. यादीतल्या जागा गेल्या कुणाला? खोट्यांनी नेल्या त्या नेल्याच. खऱ्यांनी नेल्या त्यांतल्या जास्त आपण नेल्या, महादेव कोळ्यांनी. मॉरिशसमध्ये मालक आणि गुलाम एका रकान्यात होते म्हणून मी तावातावाने बोलते. आपण त्यांचे मालक नाही. पण आपली खाचरं लावायला आणि कोळशाच्या भट्टीला ते येतात, आणि रकाना एकच आहे.

मामा : माझ्या वर्गात बसलेली कातकऱ्यांची पोरं चौथीच्या पुढे फारशी टिकली नाहीत. दिवाळी झाली की आईबाप भट्टीवर जायचे, पोरं बरोबर. दाखला काढायला कोण थांबणार? तलाठी विचारायचा, बापाचा पुरावा आण. बापाकडे बापाचा नव्हता.

मी : म्हणून म्हणते, ग्रामसभेचा ठराव करू. कायद्यात आज त्याला किंमत किती, हा पुढचा प्रश्न. पण गावाने गावाची नोंद एकदा स्वतः लिहावी.

मामा : लिही. मात्र नातीच्या नावाने ठराव नको. तिच्यासाठी २०२३ चा निकाल जोड, वडिलांच्या गावच्या कोतवाल बुकाची नक्कल काढ, नमुना १४ मध्ये आज्याच्या मयताची नोंद आहे ती शोध, आणि समितीपुढे वेगळा खुलासा दे. ते काम कागदाचं आहे, कागदानेच होईल. ठरावात पहिल्या वंशावळी कातकरी वस्तीच्या. घराघरात जाऊन, त्यांच्या म्हाताऱ्यांच्या तोंडून, त्यांचे साक्षीदार घेऊन. आपली नावं त्याच्या खाली.

मी : आपले लोक कबूल होतील?

मामा : काही होणार नाहीत. ग्रामसभा पंधरा ऑगस्टला आहे, तिथे भांडू. तोवर वस्तीवरची किती घरं लिहून होतील ते सांग, कारण भातलावणी संपली की अर्धी माणसं गावात नसतात.